ज्याच्या अंगाची खुर्ची

माणूस शिवणकाम करणारा, पण सगळे त्याला उसवेमामा म्हणत. कारण जुना सोफा, जुनी खुर्ची हाती आली की तो आधी तिचा टाका न् टाका उसवी, आणि मग ती बिचारी पोट उघडं टाकून कितीतरी दिवस दुकानात पडून राही. आमच्या बाजारपेठेच्या टोकाला त्याचं दुकान. अरुंद, लांबट. मागच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी आत येई आणि तिच्यात काथ्याची धूळ तरंगत राही. तेल, मेण आणि म्हाताऱ्या कातड्याचा वास तिथे असा मुरला होता, की उंबऱ्याच्या आत आलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली उतरे.

मामाची एक रीत होती. उसवायच्या आधी तो त्या खुर्चीत बसे. डोळे मिटून, अंग सैल सोडून, पार दुपार कलेपर्यंत. कातडं कुठे दमलंय आणि कुठे नुसतंच रुसलंय, हे बोटांना कळत नाही, पाठीला कळतं, असं त्याचं म्हणणं. बसल्या बसल्या त्याला डोळा लागे आणि स्वप्नं पडत. ती स्वप्नं आपली नव्हेत, खुर्चीची, असं तो छातीठोक सांगे.

"खुर्चीची स्वप्नं म्हणे," मामी डबा घेऊन आली की म्हणायची. "आणि घोरणं? तेही खुर्चीचंच का?"

"घोरणं माझं," मामा डोळे न उघडता म्हणे. "तेवढं घरून आणावं लागतं."

एकदा ड्रायव्हरकाकांची खुर्ची आली. काकांनी जन्मभर बस चालवली होती. आता आजारपणात त्यांची वाचा गेली होती आणि दिवस सगळा त्या एका खुर्चीत जायचा. तांबूस कातडं, उजवा हात फाटून काथ्या बाहेर आलेला, बैठकीची स्प्रिंग टोचायला लागलेली. मुलाने टेम्पोतून उतरवली. काकू मागे उभ्या होत्या.

"पोराने हौसेने नवी आणली हो," काकू म्हणाल्या. "यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि सरळ जाऊन फरशीवर बसले. तेव्हापासून भिंतीला टेकून तिथेच. फरशी ही अशी गार, गुडघे ते तसले. उठवताना आम्हां दोघांना घाम फुटतो. हीच बसण्यासारखी करून द्या, मामा. मला त्यांना जमिनीवर बघवत नाही."

"वरचं कातडं नवं घातलंत तरी चालेल," मुलगा म्हणाला.

"मग ते काय वेडे म्हणून फरशीवर बसलेत?" मामा म्हणाला. मुलगा स्वतःशीच हसला.

त्या खुर्चीत मामा एक दुपार बसला, मग दुसरी, मग रोजच बसू लागला. स्वप्न मोठं गोड पडे. लांब रस्ता, दोन्ही बाजूंनी मागे जाणारी झाडं, मागच्या बाकांवर पेंगलेली माणसं, आणि उतरायची घाई कुणालाच नाही. जाग आली की तो काम करी. त्याने बैठकीखालचे पट्टे बदलले, स्प्रिंगा नव्याने बांधल्या. खुर्चीच्या पाठीमागे खाली, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथलं कातडं कापून फाटलेल्या हाताला आतून ठिगळ दिलं. ते कातडंही खुर्चीच्याच वयाचं, म्हणून शिवण कुठे संपते ते डोळ्याला दिसेना. प्रत्येक भराव घातल्यावर तो बसून पाही, पुन्हा उसवी, पुन्हा भरी. शेवटी पाठीला एक सुरकुतीसुद्धा लागेना, तेव्हा त्याने खुर्ची घरी पोचवली.

काकांना धरून आणलं. त्यांनी खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला, वाकून वास घेतला आणि बसले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. पण काका जरा उजवीकडे सरकले, मग पुन्हा सरकले. कोपर ठेवायला गेले, ते घसरलं. थोडा वेळ शोधल्यासारखं करून ते उठले आणि भिंतीशी जाऊन फरशीवर बसले.

"बसतील हो हळूहळू," काकू म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण हाताने फरशीवर सतरंजी पसरायला घेतली.

मामा स्वतः खुर्चीत बसला. खुर्चीने त्याला अगदी कुशीत घेतलं, इतकं की तो ओशाळला. दाभण ओढून ओढून त्याचं अंग डावीकडे कललेलं. काका उजवीकडे कलणारे, बसच्या खिडकीत कोपर टेकून आरशात बघणारे. इतके दिवस बसून बसून मामाने खुर्ची आपल्याच मापाची करून ठेवली होती.

"वहिनी, ही मी माझ्यासाठी केली," तो म्हणाला. "कात्री द्या."

"परत उसवणार?"

"उसवणारच. पण आता बसायचं काम त्यांचं."

तिथेच, घराच्या मधल्या खोलीत, मामाने बैठक आणि उजवा हात उघडला. उघड्या काथ्यावर चादर टाकून काकांना बसवलं आणि स्वतः खाली मांडी घातली. काका सरकतील तिथे मूठभर काथ्या घालायचा, दाबतील तिथला काढायचा. कोपर वर उचललं गेलं, की मामा खालून भराव चढवत त्याच्या मागे जाई. काकांचा उजवा पाय फरशीवर दबला.

"ब्रेक मारला बाबांनी," मुलगा कुजबुजला.

"कुणीतरी आडवं आलं असेल," मामा म्हणाला. "तू बाजूला हो."

कोपर टेकलं. तिथेच राहिलं. काकांनी मान उजवीकडे टाकली, आणि बघता बघता त्यांना गाढ झोप लागली.

मग मामा झोपलेल्या माणसाभोवती शिवत राहिला. चादर इंचाइंचाने काढून घेत, मेणाचा दोरा असा हळू ओढत, की त्याचा आवाजही होऊ नये. खोलीत फक्त काकांचा श्वास होता, आणि मामाचा हात त्या श्वासाबरोबर वर जाई, खाली येई. सगळं शिवून झालं. कोपराखालची चार बोटं जागा तेवढी उरली. ती शिवायची तर काकांचा हात उचलायला हवा. मामाने काकूंकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

ती जागा अजून तशीच आहे. सुई घेऊन मामा अधूनमधून जातो, पण काका खुर्चीत असतातच. मग काकू त्याला चहा देतात, आणि तो सुई कॉलरला टोचून परत येतो.