आमच्यात कॉफीत फूल घालतात

सोळाव्या वर्षी मी इतकी शहाणी होते, की ती पोर आज माझ्यासमोर येऊन बसली तर मी आधी तिचा कान धरीन आणि मग पोट धरून हसेन.

लग्न होऊन भोरात आले, त्याला चार-पाच महिने झाले होते. माहेर वेल्ह्याकडच्या डोंगरात. नाचणीची भाकरी आणि आंबील यांपलीकडं आमच्या चुलीनं फारसं काही पाहिलेलं नव्हतं. सासर मात्र गावातलं. सासरे संस्थानच्या कचेरीत कारकून. घरात कानाच्या कपबशा, आणि फळीवर पुण्याहून मोटारीनं आलेला कॉफीचा डबा. तो डबा खाली उतरवायचा मान फक्त आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

एका दुपारी शेजारच्या काकू बसायला आल्या. त्यांचे यजमानही कचेरीतच, पण सासऱ्यांच्या वरच्या जागेवर, म्हणून त्या आल्या की डबा उतरायचाच. आत्याबाईंनी दुधात कॉफी उकळली, जायफळ घासलं, फडक्यानं गाळली आणि एक कप माझ्याही हातात दिला. आयुष्यातला पहिला घोट. करपलेली भाकरी गुळाच्या पाण्यात उकळावी तसं काहीतरी घशाशी आलं, आणि माझं तोंड जे व्हायचं ते झालं.

काकूंनी ते टिपलं. "अहो, डोंगरातली पोर ती. तिला आंबील द्या. कॉफी कशाला वाया घालवता?"

"आमच्यात पितात की कॉफी," मी म्हटलं.

"हो? कधी, दसऱ्याला?"

"रोज पितात. पण अशी नुसती नाही. आमच्यात कॉफीत फूल घालतात."

फूलच का, तर काकूंच्या अंबाड्यातला मोगऱ्याचा गजरा माझ्या नाकासमोर डुलत होता. अंबाड्यात त्यांनी कोथिंबीर खोवली असती, तर मी कोथिंबीर म्हटलं असतं.

आत्याबाईंनी कप खाली ठेवला. त्या कधी रागवायच्या नाहीत, नुसतं बघायच्या. रागावलेलं परवडतं.

"कुठलं फूल गं?"

"असेल ते."

"मग आम्हालाही करून घाल की एकदा. आम्ही आपले जायफळावरच अडलोय."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी कॉफीत फुलं घालू लागले. पहिलं जास्वंदीचं घातलं, कारण ते परसात हाताशी होतं आणि दिसायला मोठं होतं. मला वाटलं, मोठं फूल म्हणजे मोठा वास. जास्वंद आंबट असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. दूध फाटलं, आणि फाटलं ते फाटलं, वर जांभळटही झालं. आत्याबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं, "तुमच्यात असंच होतं का?" मी म्हटलं, "पहिल्या दिवशी होतं असं."

मग देवळाशेजारचा पांढरा चाफा. त्याच्या देठातून चीक येतो. तो चीक दुधात गेला आणि त्या दुधातलं घोटभर माझ्या पोटात गेलं. जीभ अशी खाजली, की संध्याकाळपर्यंत मला बोलता येईना. घरात सगळ्यांना तो दिवस फार बरा गेला, असं यांनी मला पुढं बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

शेवटी मला अक्कल सुचली ती माठाजवळ. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यात मोगऱ्याच्या कळ्या टाकायची पद्धत घरात होतीच. मग दुधाच्या मागं कशाला लागायचं? त्याच पाण्यात कॉफी उकळायची, दूध वेगळं तापवून वरून घालायचं, आणि कप पुढं करताना त्यात एक उमललेलं फूल सोडायचं. केली. वास असा आला, की चुलीपुढं मीच थबकले. चव मला तेव्हाही कडूच लागली, पण मी "आहाहा" म्हटलं.

आत्याबाई प्यायल्या. "बरी आहे," म्हणाल्या. त्यांचं "बरी" म्हणजे दुसऱ्या कुणाचा हार-तुरा. काकूंनी दोन कप घेतले आणि ही बातमी आळीभर केली. बायका मुद्दाम येऊ लागल्या. आणि मी? मी फुगले. रोज खोट्याला नवी पालवी फुटायला लागली. ही कॉफी माझ्या आजीनं काढली. आमच्याकडं लग्नकार्यात ती हंड्यानं होते. माझे वडील, आबा, तर सकाळी उठल्या उठल्या पितात, त्याशिवाय नांगराला हात लावत नाहीत.

अशात निरोप आला, आबा यायचेत. आंबेमोहोराचे तांदूळ घेऊन.

"बरं झालं," आत्याबाई म्हणाल्या. "तुला खरंच जमते का नाही, ते तुमच्याकडचं माणूसच सांगेल."

मी बिलकूल घाबरले नाही. कारण एक पक्की गोष्ट मला ठाऊक होती. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आमच्यात रीत. आबा तर त्या रीतीला इतके चिकटलेले, की यायच्या आधी नीरा नदीवर पाणी पिऊन यायचे, भाकरी स्वतःची खायचे, आणि मुक्कामाला देवळात टेकायचे. आई या रीतीपायी एकदाही आली नव्हती. "नदीचं पाणी पिऊन लेकीच्या वट्यावर बसायला मी काय म्हस हाय?" असं ती म्हणायची. तेव्हा आबा कप तोंडाला लावणार नाहीत आणि माझी अब्रू झाकलेली राहील, असा माझा हिशेब.

आबा दुपारी आले. तांदळाचं गाठोडं उतरवलं, डोईचा पटका सोडून घाम पुसला. काकू आधीच येऊन बसल्या होत्या, बातमी त्यांनाही होती. मी कॉफी केली, फूल सोडलं, कप आबांपुढं ठेवला आणि दाराआड उभी राहिले.

आबांनी कपात बघितलं. "ह्ये काय म्हनायचं?"

"कॉफी, पाव्हणं," आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्याकडची. फूल घातलेली. सूनबाई म्हणाली, तुम्ही रोज सकाळी पिता."

आबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी पदराचं टोक चावत होते. जगातली सगळ्यात हुशार मुलगी त्या घटकेला जमिनीला भेग कुठं पडतेय ते बघत होती.

"व्हय," आबा हळू म्हणाले. "पितो की."

"मग घ्या ना. जमली का पोरीला, ते तरी सांगा."

"पन आमी लेकीच्या घरचं कायबी घेत न्हाई. नातवाचं तोंड बघूस्तवर."

"असू दे, असू दे. रीत ती रीत." काकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आम्हाला आपलं वाटलं, खरंच पितात तुमच्यात."

त्या "खरंच"नं घात केला.  आबांनी कप उचलला, कान धरून नव्हे, ताकाचं भांडं धरावं तसा दोन्ही हातांत, आणि एका दमात रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं. तळाशी मोगऱ्याचं फूल उरलं होतं. तेही त्यांनी बोटानं काढलं, तोंडात टाकलं आणि चावून चावून गिळलं.

"अगंबाई, फूलसुद्धा खाता?" काकू.

"तर! खाया न्हाई, तर घालायचं कशापायी?" आबांनी मिशी पुसली. "पोरीला जमलीया. आमच्यात जरा दाट करत्यात, येवढंच."

 आत्याबाई आबांकडं बघत राहिल्या, मग उठून त्यांनी स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढं ठेवला. आबांनी तोही घेतला. आता राहिलंच काय होतं?

आळीच्या टोकापर्यंत मी त्यांना पोचवायला गेले.

"पोरी, लई कडू हाय गं ते. मानसं हौसेनं पित्यात?"

"व्हय."

"आन् म्या कवा पितो?"

"सकाळी. उठल्या उठल्या."

ते थांबले. "आता तुझ्या आईला काय सांगू? लेकीच्या घरचं पोटात घिऊन आलो म्हनून?"

तेव्हा मला रडू फुटलं. इतके महिने शहाणपणाखाली दाबून ठेवलेलं सगळं एकदम आलं.

"रडू नगंस," आबा म्हणाले. "पुन्यांदा खोटं बोलशील तवा गोड वस्तूचं बोल, म्हंजे झालं."

आईला त्यांनी घरी गेल्यावर खरं ते सांगितलं. ती चिडेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "पानी बी प्यालासा?" आबा म्हणाले, "प्यालो." "म्हंजे रीत मोडली. मग म्या कशाला घरी बसू?" आणि पंधरा दिवसांत ती डोंगर उतरून भोरात आली. लग्नानंतर पहिल्यांदा. राहायलाच आली, तीन रात्री.

त्या दिवशी आत्याबाईंनी मला चुलीपाशी येऊ दिलं नाही. स्वतः कॉफी केली. फूल नाही, जायफळ. आईनं घोट घेतला. तो तोंडातच धरून ती डोळ्यांनी परसदार शोधायला लागली. आता हिनं थुंकलं की माझं उरलंसुरलं संपलं, म्हणून मी डोळे मिटले.

"जा विहीणबाई, तुळशीच्या पलीकडं," आत्याबाई म्हणाल्या. "मीही नवी असताना दोन वर्षं तिथंच थुंकायची. आमच्या सासूबाईंना वाटायचं, सुनेला कॉफी फार आवडते."

आईला हसू आलं, आणि तोंडातली कॉफी गिळली गेली. मग दोघी अशा हसत सुटल्या, की बोलता येईना. मी हसायला तोंड उघडलं, तोच आत्याबाईंनी मला भात बघायला आत पाठवलं.