आधी तेल खरवड

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा माझा भात गॅसवर होता. त्याची बायको सुमन बोलत होती. "काल सांजवेळा गेले गो... छातीत दुखता म्हणाले आणि शेडीतच बसले." मी "बरं" म्हणाले. मी रडेन अशी तिची अपेक्षा असावी. मी फोन ठेवला, भात उतरवला, वरून आमटी घेतली आणि जेवले. दिगंबर माझा सख्खा मावसभाऊ. मावशी लवकर गेली म्हणून पाचवीपासून तो आमच्याच घरी वाढला, आणि गेली अकरा वर्षं, दारात विचारलेला एक प्रश्न सोडला तर, मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्याला जाऊन आता दीड महिना होत आला. तेवढ्यात त्याच्यावर दोन लेख छापून आले, एक शोकसभा झाली. एकाने त्याला इतिहासाचा कारागीर म्हटलं, दुसऱ्याने लोखंडाशी बोलणारा माणूस. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. शोकसभेत मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठले नाही. जे बोलायचं ते इथे लिहिते आहे, आणि ज्यांना गेलेल्याबद्दल गोडच ऐकायचं असेल त्यांनी पान उलटावं.

माझ्या बाबांकडे डिस्पोजलची गाडी होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून आलेले ट्रक लष्कराने पुढे लिलावात काढले, त्यातला एक बाबांनी तरुणपणी बेळगावहून आणला, मागे जोडायच्या दोन चाकी ट्रेलरसकट. कणकवलीपासून खारेपाटणापर्यंत निम्म्या घरांचे चिरे त्या गाडीने वाहिले. बाबा ती पुसत, तिच्याशी भांडत, आणि दर मे महिन्याच्या शेवटी तिच्या पोटाखाली आडवे होऊन चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, काजूच्या टरफलांचं तेल फासत. मालवणचे मच्छीमार होडीला लावतात तेच. नारळाच्या सोडणाचा कुंचला करायचा आणि चोळायचं. ते तेल लागलं की हाताची सालं निघतात, पण वाळलं की त्याची काळी साय लोखंडावर अशी घट्ट धरते की पावसाची काय बिशाद. पंचवीस-तीस वर्षं एकावर एक थर बसत गेले. दिगूला गाड्यांचं वेड लागलं ते त्या गाडीच्या टपात, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये. बाबांच्या मांडीवर बसून तो स्टिअरिंग धरायचा, ट्रेलरमध्ये झोपायचा. मी मुलगी, मला कोणी टपात घेतलं नाही. तेव्हापासूनचा राग आहे म्हणालात तर तोही आहे, मी नाकारत नाही.

तो हुशार होता. हे लिहिताना माझे दात आवळले जातायत, पण होता. पुण्याला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून तो लवकर परत आला आणि तारकर्लीच्या रस्त्याला त्याने शेड बांधली. लोखंडाचं वेड असलेल्या माणसाने समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, खाऱ्या वाऱ्यात शेड बांधावी... त्याला कोण सांगणार. तिथे तो जिल्हाभरातून युद्धातल्या गाड्यांचे अवशेष गोळा करायचा, कुठली कोण ते ओळखायचा आणि पुन्हा उभ्या करायचा. एकदा खारेपाटणाला एका घराच्या मागे शेणखताच्या ढिगात त्याला नुसतं एक चाक दिसलं. थुंकी लावून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ह्याच्याखाली ट्रेलर आसा, एक टनाचो." घरवाले हसले. ढीग उपसला तर ट्रेलर निघाला. त्याची एक पद्धत होती. कुठल्याही गाडीला हत्यार लावायच्या आधी तो चासीवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायचा. नंबर कागदावर उमटायचा. "डोळो फसवता, कागद फसवणा नाय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. मग तो नंबर टपातल्या पितळी पाटीवरच्या नंबराशी ताडून बघायचा. दोन्ही जुळले तर गाडी अस्सल, एकाच अंगाची. नाही जुळले तर दोन गाड्यांची मोडतोड जोडून केलेली.

बाबांनी त्याला आपली गाडी दिली. ऐंशी ओलांडली होती, गाडी फणसाखाली उभी होती, म्हणाले, "दिगूशिवाय तिका कोण बघतलो?" त्याच महिन्यात कणकवलीच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. दिगूने गाडी न धुता, न घासता, जशी होती तशी तिथे नेऊन ठेवली. लोकांना आधीचं रूप दाखवायचं म्हणे. बाबा इस्त्रीचा सदरा घालून मांडवात पहिल्या रांगेत बसले होते. पुण्याहून आलेल्या जाणकारांपैकी एकाने नंबर विचारला. दिगूने पाटी वाचली. मग खाली वाकून, कागद नाही, पेन्सिल नाही, त्या काळ्या सायीवरून बोट फिरवलं आणि चासीचा नंबर मोठ्याने वाचला. पाटीवर शेवटी आठ होता, याने वाचला तीन. पुणेकरांसमोर तो एकदम शुद्ध बोलायला लागला. "पाटी दुसऱ्या गाडीची आहे. ही जोडलेली गाडी आहे." मांडवात कुजबुज झाली. बाबा जागेवरूनच म्हणाले, "दिगू, आधी तेल खरवड, मगे वाच." तो हसला. "काका, त्या तेलानंच तर सगळो घोळ केल्यान हा." लोकही हसले. माझे बाबा त्या हसण्यात बसून होते, हात गुडघ्यांवर ठेवून.

ज्या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट अभिमानाने सांगितली, की गाडी अस्सल लष्करी, लिलावातून अख्खी आणली, त्याच्याबद्दल आठ दिवसांत गावात काय काय बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. पाटी कुठून चोरली असेल, इथपर्यंत मजल गेली. बाबांनी तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर जाणं बंद केलं, मग देवळात जाणं. मी तारकर्लीला गेले आणि दिगूला म्हटलं, "खरवड ते तेल. माझ्यासमोर." तो कुठल्याशा इंजिनात डोकं घालून होता. "शैले, माका येळ नाय. आणि खरवडून काय होतला? मी बोटानं वाचलंय." माझं डोकं फिरलं. म्हटलं, बोट मोडो तुझं. त्यानंतर संबंध संपला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्या दोघांतही तो सारखाच होता.

बाबा त्यानंतर चार वर्षं जगले. शेवटच्या वर्षी नावं विसरायला लागले, माझंही कधीकधी. एक प्रश्न मात्र विसरले नाहीत. दोन-चार दिवसांनी, जेवताना नाहीतर अंथरुणावर, विचारायचे, "दिगून तेल खरवडल्यान काय गो?" मी म्हणायची, नाही अजून. ते मान हलवायचे. "खरवडतलो... त्येका येळ मिळाक व्हयो." त्यांचा त्याच्यावर राग नव्हता, हे मला अजून सहन होत नाही. ते गेले त्या दिवशी दिगू आला होता. मी त्याला दारातच अडवलं आणि विचारलं, "तेल खरवडलंस?" तो माझ्या पायांकडे बघत राहिला आणि परत फिरला. मला वाटलं, अजून खरवडलं नाही म्हणून लाजला.

मागच्या आठवड्यात सुमनने मला शेडवर बोलावलं. पुण्याचं कोणीतरी गाड्या घेऊन जाणार आहे, काकांची गाडी तू एकदा बघ, म्हणाली. शेडमध्ये एका सुतळीला चिमटे लावून त्याचे ते पेन्सिलीचे कागद वाळत घातल्यासारखे टांगलेले होते, प्रत्येक गाडीचा एक. आमचा त्यात नव्हता. आमची गाडी शेवटी उभी होती, लष्करी हिरव्या रंगात, मागे ट्रेलर जोडून, बाबांनी बेळगावहून आणली तेव्हा दिसली असेल तशी. आणि वास आला... काजूच्या तेलाचा. मी बाकीच्या एकेका गाडीखाली वाकून बघितलं. सगळ्यांच्या चासीला तेल फासलेलं होतं, आणि प्रत्येकीवर नंबराची चार बोटं जागा तेवढी कोरी सोडलेली. सुमन म्हणाली, "दर मे म्हयन्यात लावत. हाताची सालां निघत, तरी आयकत नसत." म्हणजे बाबांचं तेल त्याने घेतलं, त्यात सुधारणाही केली. बाबांचा शब्द तेवढा घेतला नाही.

मी आमच्या गाडीखाली वाकले. चष्मा पुसला. नंबरावरचं तेल खरवडलेलं, शेवटचा आकडा आठ. इंग्रजी आठच्या डाव्या कडा तेलाने बुजल्या की बोटाला तीन लागतो, एवढंच ते सगळं होतं. टपातल्या पाटीखालच्या खणात एक कागद मिळाला, पेन्सिलीने घासलेला, नंबर शेवटपर्यंत स्वच्छ. खाली त्याच्या अक्षरात लिहिलेलं, "जुळलो. काकांका सांगूक व्हया." शेजारी तारीख. बाबा जायच्या आधी दोन वर्षांची. कागद घड्यांवर फाटत आला होता, इतक्या वेळा उघडला-मिटला असावा. दोन वर्षं हा माणूस तो कागद घेऊन तारकर्लीत बसला आणि तीस-पस्तीस किलोमीटर त्याच्याने येववलं नाही. मांडवभर लोकांसमोर चुकायला त्याला एक मिनिट लागलं. एका म्हाताऱ्यासमोर, ज्याच्या मांडीवर तो वाढला, चुकलो म्हणायला दोन वर्षं पुरली नाहीत.

सुमन माझ्याकडे बघत होती. "आता तरी माफ कर गो त्यांका." मी नाही म्हणाले. ती रडायला लागली, मी तिला पाणी दिलं, तिच्याशी माझं काही वैर नाही. पण खोटं मी का बोलू? कागद मागून घेतला आणि घरी आले. तो आता माझ्यासमोर टेबलावर आहे. शोकसभेत जे कोणी हळहळले, आणि त्या मांडवात जे कोणी हसले, त्यांनी वाचावं म्हणून लिहिते. गाडी एकाच अंगाची होती, पाटी तिचीच होती, आणि माझे बाबा खरं बोलत होते.

जेवताना अजून मी त्यांच्या रिकाम्या पाटाकडे बघते. काल रात्री मोठ्याने उत्तर दिलं. खरवडल्यान, बाबा. तुम्ही विचारीत होतास, तेव्हाच खरवडून झाला होता.