एप्रिलची छाटणी

दोन वर्षांपूर्वीची अक्षय तृतीया. सप्तापूरचं आमचं घर. हजर: आमचे वडील अप्पा, अक्का, माझी पत्नी आणि मी. रक्कम: पासष्ट हजार युरो. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या आमच्या मामांच्या द्राक्षबागेला गिऱ्हाईक आलं होतं.

मामा तरुणपणी बोटीवर नोकरीला लागले आणि तिकडेच राहिले. मूलबाळ नव्हतं. जाताना बाग अक्काच्या नावे करून गेले, कारण दर रविवारी त्यांना फोन करणारी ती एकटीच.

अक्का माझी थोरली बहीण; मला ती कानडी पद्धतीने तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. हुबळीच्या बाजारातलं आमचं बेदाण्याचं दुकान इतकी वर्षं तिनेच चालवलं. मी युरोचे रुपये करून आकडा सांगितला आणि म्हटलं, "विकून टाकू."

"माल न बघता?" अक्का म्हणाली. "तम्मा, दुकानात असं केलं असतंस तर अप्पांनी हाकलून दिलं असतं तुला."

अप्पा हसले. "जा गं तू. पण मामाची द्राक्षं दारूला जातात, हे भाऊबंदांत नको. बेदाण्याची बाग म्हणून सांगा."

एक हंगाम स्वतः बाग करून बघायची, असं अक्काने ठरवलं; तोवर थांबायला गिऱ्हाईक तयार झालं. अक्काने दुकान माझ्या पत्नीकडे सोपवलं. पोर्तुगालमध्ये राहायचा परवाना मिळेपर्यंत वर्ष सरलं. एप्रिलमध्ये अक्काला पोचवायला मी दोन आठवड्यांसाठी गेलो.

डोंगरउतारावर दगडी बांध, त्यांवर चोवीस रांगा. वेलींना कोवळी पालवी आली होती. आम्हा दोघांना द्राक्षं माहीत होती ती अथणीकडच्या आजोळची. तिथे एप्रिलमध्ये वेल डोळ्यापर्यंत, म्हणजे काडीच्या बुडाच्या कोंबापर्यंत, खरडून छाटतात, मग ऑक्टोबरमध्ये फळासाठी पुन्हा.

"मामांच्या माघारी कुणी कात्री लावलेली दिसत नाही," अक्का म्हणाली आणि छाटायला लागली. मी फांद्या गोळा करत होतो. दुपारपर्यंत दोन रांगा उघड्याबोडक्या झाल्या.

तेवढ्यात शेजारची म्हातारी बांध ओलांडून ओरडत आली आणि तिने अक्काच्या हातातली कात्री हिसकावली. मागोमाग आलेल्या तिच्या नातीने इंग्रजीत समजावलं. इथे छाटणी एकदाच, कडक थंडीत. ती जानेवारीत झाली होती. मामांवरच्या मायेपोटी म्हातारीनेच केली होती. आम्ही छाटलं ते यंदाचं पीक होतं.

मी खाली बसलो. "अक्का, आपल्याला हे जमायचं नाही. विकू या."

"दोन गेल्या. बावीस आहेत की!" ती म्हणाली. "आणि चूक करणारी मी, मग शिकणारीही मीच."

तिच्या जागी मी असतो तर लाजेने चार दिवस त्या बाईच्या समोर गेलो नसतो. अक्का त्याच संध्याकाळी बेदाण्याचा पुडा घेऊन तिच्या दारात उभी राहिली. भाषा येत नव्हती. म्हातारी जाताना बांधावर टाकून गेलेली कात्री तिने दोन्ही हातांनी पुढे धरली आणि मान खाली घातली. म्हातारीने आधी पुडा घेतला, एक बेदाणा चावून पाहिला, मग कात्री घेतली आणि बाहेर आली.

मी परत आलो; म्हातारी तिला काय काय शिकवते ते पुढे मला फोनवर कळत गेलं. कोवळे फुटवे तारेला कसे बांधायचे, गंधक कधी मारायचं, कुठली पानं काढायची. एकावन्नाव्या वर्षी ती हे सगळं पहिल्यापासून शिकत होती. मी विचारलं, "भाषा कितपत येते?"

"भांडण्यापुरती येते," ती म्हणाली. "परवा खतवाल्याशी भांडले."

सप्टेंबरमध्ये काढणी आली. सगळी आळी राबायला उतरली, म्हातारी सर्वांच्या पुढे. अक्काने त्यांना मक्याच्या भाकऱ्या आणि झुणका वाढला. बावीस रांगांची द्राक्षं गावच्या वाइन करणाऱ्या सोसायटीत पोचली. त्या रात्री तिने मला गिऱ्हाइकाला कळवायला सांगितलं: विकायची नाही. मी या वेळी आकडा काढला नाही. लगेच कळवून टाकलं.

मात्र शेजारणीची मजुरी राहिली होती. जानेवारीची छाटणी, उन्हाळाभर शिकवणं, काढणी. मी रक्कम सुचवली.

"पैसे पुढे केले तर ती दार लावून घेईल," अक्का म्हणाली. "इथं पैरा चालतो, तम्मा. ती माझ्या बागेत आली, आता मी तिच्या बागेत जायचं."

म्हणून रोख काहीच दिलं नाही. म्हातारीची बाग आमच्याहून मोठी. अक्काने तिथे सहा दिवस काढणी केली.