उपसलेला तलाव

कॅलोवे गावच्या पोहण्याच्या तलावामागे पत्र्याची एक शेड होती. ओझेला मॅब्री तिथे गोऱ्यांचे ओले टॉवेल धुवायची, वाळवायची, घड्या घालायची. अलाबामाचा उन्हाळा, त्यात पत्र्याखाली उकळत्या पाण्याचा हंडा. चार पावलांवर निळंशार पाणी. पण त्यात तिनं बोट बुडवायची सोय नव्हती. तिचा भाऊ लॉनी रोज तलावातली पानं जाळीनं काढायचा, तोही काठावरूनच.

काळ्यांची पोरं वीटभट्टीमागच्या डोहात डुंबायची. माती काढून काढून झालेला खड्डा तो, तळाचा पत्ता नाही. ओझेलाची लेक रोझेटा नऊ वर्षांची असताना तिथेच बुडून गेली. पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तलावाचा मॅनेजर हॅस्किन दारात आला. गाडीतून उतरलाही नाही.

"अगं ए, उद्यापासून येतेस ना? टॉवेल साचलेत."

ओझेला म्हणाली, "येते, साहेब." त्या दोन शब्दांची चीड तिला जन्मभर पुरली.

एकोणीसशे चौसष्टच्या उन्हाळ्यात नवा कायदा आला. सार्वजनिक जागी कुणाला रंगावरून अडवायचं नाही, असं सरकारनं सांगितलं. चर्चमध्ये सभा भरली. पाद्री टॉलिव्हरनी विचारलं, तलावावर कोण जाईल? पुरुषमंडळी छताकडे बघू लागली. ओझेला उठली.

"मी जाते."

"तुला पोहता तरी येतं का, बाई?" मागून कुणीतरी हसलं.

"नाही येत. बुडायचंच असेल तर या खेपेला त्यांच्या पाण्यात बुडेन."

मग कुणी हसलं नाही. शाळेतली तरुण शिक्षिका आयोना तिच्यासोबत निघाली. ती काळ्यांच्या कॉलेजात पोहण्याच्या शर्यती जिंकून आली होती.

दोघी समोरच्या दारानं आत शिरल्या, तेव्हा तलाव गच्च भरलेला होता. हॅस्किन धावत आला. "टॉवेल मागच्या बाजूला, ओझेला! डोकं फिरलंय का तुझं?"

"आज टॉवेल नाही. आज पोहायला आलेय."

"बाहेर हो!"

"कायदा वाचा, हॅस्किन." साहेब हा शब्द तिनं गिळून टाकला.

ती पायऱ्या उतरली. पाणी कमरेला लागलं तसं तलावातली गोरी माणसं आग लागल्यासारखी बाहेर पळाली. आया पोरांची अंगं खसाखसा पुसू लागल्या. कुणी थुंकलं, कुणी बाटली भिरकावली. ती आयोनाच्या कपाळाला लागून रक्त आलं. हॅस्किननं मात्र हात उगारला नाही. तो पंपाच्या खोलीत गेला आणि त्यानं तळाची झडप उघडली.

पाणी उतरू लागलं. कमरेचं मांडीला आलं, मांडीचं गुडघ्याला. काठावरची गर्दी टाळ्या पिटत होती. आयोना म्हणाली, "चला, मिस ओझेला."

"अजून पाणी आहे," ओझेला म्हणाली. घोटे उघडे पडले तरी ती हलली नाही. शेवटी पोलीस कोरड्या फरशीवरून चालत आले आणि त्यांनी तिला दंडाला धरून ओढत नेलं.

नगरपालिकेनं तलाव पुन्हा भरलाच नाही. काळ्यांबरोबर पोहण्यापेक्षा न पोहलेलं बरं, असं ठरवून त्यांनी त्यात माती लोटली. लॉनीची नोकरी गेली. वर माती लोटायला मजूर म्हणून बोलावलं तेही त्यालाच. चूल पेटायची होती, तो गेला.

त्या संध्याकाळी त्याची बायको व्हर्डेल ओझेलाच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. ओझेला भेंडी तळत होती.

"झालं समाधान? कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलीस नि माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढलास!"

"घास मी काढला? झडप कुणी उघडली?"

"गोरे तसेच वागणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुला ठाऊक नव्हतं? तुझी लेक गेली म्हणून आमचं घर बुडवायचं?"

ओझेलानं कढई चुलीवरून उतरवली. "रोझेटाचं नाव तुझ्या तोंडून पुन्हा ऐकू आलं, तर वहिनी-बिहिनी बघणार नाही मी. चालती हो."

व्हर्डेल गेली ती गेलीच. चर्चमध्ये ती मुद्दाम पलीकडच्या बाकावर बसायची. पाद्री म्हणाले, "क्षमा कर, ओझेला. मन हलकं होईल." ती म्हणाली, "मला हलकं व्हायचं नाही, रेव्हरंड."

पुढच्या उन्हाळ्यात तिनं आयोनाला डोहावर नेलं. "शिकव मला." कमरेला दोर बांधून, जिथं लेक गेली त्याच पाण्यात, चव्वेचाळीस वर्षांची बाई हातपाय मारू लागली. पाणी नाकातोंडात जायचं, ती शिव्या घालत वर यायची, पुन्हा उतरायची. उन्हाळा सरता सरता तिनं डोह आरपार पोहून काढला. मग वस्तीतली पोरं धरून आणू लागली. शिकवणं कसलं, दरडावणंच! पोहता येत नसलेलं पोर डोहाकाठी दिसलं की ती ओल्या दोरानं पोटऱ्या फोडून काढायची. व्हर्डेलच्या दोन्ही मुली तिथेच शिकल्या. आईनं पाठवल्या, स्वतः आली नाही. थोरली पुढे राज्याच्या शर्यतीत पहिली आली. तेव्हाही दोघी नणंदा-भावजया दोन टोकांना उभ्या राहून ओरडत होत्या.

खूप वर्षांनी गावानं नवा तलाव बांधला. नवे महापौर गुळगुळीत बोलत घरी आले. तलावाला तिचं नाव द्यायचं म्हणाले.

"पाटीवर काय लिहिणार?" ओझेलानं विचारलं.

"गावच्या लाडक्या पोहण्याच्या शिक्षिका."

"मी आत होते नि तुम्ही पाणी सोडून दिलंत, माती भरलीत, ते लिहा."

"झालं गेलं उकरून काय मिळणार, मिस मॅब्री?"

"मग नाव माझ्याकडेच राहू द्या."

महापौर टोपी उचलून निघून गेले. तलावाला एका देणगीदाराचं नाव मिळालं.