जुन्या बोर्डावरून नव्या बोर्डावर

बायकोलाही जे सांगितलं नाही, ते आज सांगतो. आमचे जुने ऑपरेटर गणपतराव, त्यांना टेलिफोनच्या बोर्डावरून उठवलं, ते माझ्या चुकीसाठी. महिन्यापूर्वी ते गेल्याचा निरोप आला तो फोनवरच. त्यांच्याच खुर्चीत बसून मी तो ऐकला, आणि पुढे चार घरांना जोडूनही दिला…

सहा वर्षं झाली. गावातले फोन एकमेकांना जोडून देणारा आमचा पंचवीस नंबरांचा बोर्ड पुरेना, म्हणून पन्नासांचा आला. एका दिवसात सगळ्या तारा जुन्यावरून नव्यावर न्यायच्या होत्या. प्रत्येक तारेला गणपतरावांनी घराच्या नावाची चिठ्ठी बांधली. मी त्यांच्या हाताखाली, चाळिशीचा, तरी नोकरी कच्ची. मला म्हणाले, "तार जोडली म्हनजे घर जोडलं असं नसते, बाप्पा. तिकडून मानसाचा आवाज आल्याबिगर चिठ्ठी काढू नको." मग एकेका घराला घंटी देत ते विचारायचे, "काय भाजी केली, काकू?" तिकडून उत्तर यायचं, "तुमाले कायले पाह्यजे? या जेवायले." ते हसायचे आणि चिठ्ठी काढायचे.

डॉक्टरांची तार माझ्याकडे होती. दोनदा घंटी दिली, कोणी उचललं नाही. दुपारचा एक वाजलेला, भूक लागलेली. झोपले असतील म्हटलं आणि चिठ्ठी काढली.

"डॉक्टरचा आवाज आला?" गणपतरावांनी विचारलं.

"आला," मी म्हणालो.

चार वाजता कापडवाल्या शेठांचा फोन आला. सून बाळंतपणाला अडली होती, डॉक्टर हवे होते. गणपतरावांनी पुन्हा पुन्हा घंटी दिली. शेवटी म्हणाले, "शेठजी, घंटी जाऊन राह्यली, पन उचलत नाहीत. डॉक्टर घरी नाहीत वाटते." शेठांनी सुनेला जीपमध्ये घातलं आणि वाशीमचा रस्ता धरला. ती वाटेतच गेली, पोटातल्या बाळासकट. डॉक्टर दिवसभर घरीच होते. तारेचा स्क्रू मी नीट आवळला नव्हता. त्यांच्या घरात घंटी वाजलीच नव्हती.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी रडत सगळं कबूल केलं. गणपतरावांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "माही नोकरी पक्की आहे. मले बोलतील अन् सोडतील. तुले घरी बसवतील." चौकशीच्या साहेबांपुढे त्यांनी सांगितलं, "डॉक्टरची तार मी जोडली." मी शेजारी उभा होतो… मान खाली घालून.

साहेबांनी सोडलं नाही. पन्नाशीच्या माणसाला खांबावर तारा ओढणाऱ्या टोळीत घातलं. बाजारात शेठ त्यांना एवढंच म्हणाले, "तुमच्या आवाजावर भरोसा केला होता, गणपतराव." त्यानंतर त्या माणसाचं बोलणंच कमी झालं. एकदा शेलूबाजारला चहाच्या टपरीवर भेटले. मी विषय काढणार, तोच म्हणाले, "बोर्ड बरा चालून राह्यला ना? मंग झालं."

तेराव्या दिवशी, तेरवीच्या जेवणाला, गणपतरावांच्या बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "झोपेतून उठून बसत. म्हनत, त्या पोरीचा जीव मीच घेतला, शेठले मी खोटं बोललो…" मी पुढ्यातलं पान तसंच ठेवून उठलो. खोटं मी बोललो होतो. तिथेही तोंड उघडलं नाही.

हे छापून आलं म्हणजे झालं, असं मी मानत नाही. वहिनींना वाचता येत नाही, आणि शेठ वर्तमानपत्र हाती धरत नाहीत. वहिनींना सोबत घेऊन शेठांच्या दुकानात जायचं, आणि दोघांच्या तोंडावर सांगायचं, की त्या दुपारी डॉक्टरांचा आवाज मी ऐकलाच नव्हता. एवढं मी अजून केलेलं नाही.