खामगावच्या फलाटावरचा हार

जलंबहून खामगावला येणारी छोटी गाडी फलाटाला लागली तेव्हा आधी ताशाचा आवाज आला. कुणाची तरी वरात असेल, असं समजून मी पिशवी उचलली आणि दारात आलो. समोर माझे वडील उभे होते. ते नगरपालिकेत कारकून. चार लोकांत मोठ्यानं बोलणंही त्यांना जमत नसे. त्या दिवशी मात्र त्यांनी लग्नाकार्याचा कोट घातला होता. त्यांच्या मागे त्यांचं सगळं ऑफिस, आखाड्यातली पोरं आणि गल्लीतली अर्धी माणसं. मी खाली उतरतो न उतरतो तोच कुणीतरी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

मी पुण्याहून येत होतो. ज्युडोची राज्य स्पर्धा होती आणि मी पहिल्याच फेरीत हरलो होतो.

ज्युडो हा शब्दच तेव्हा खामगावात नवा होता. आमच्या शाळेचे खेळाचे सर एका शिबिरात तो शिकून आले होते. कापसाच्या एका जिनिंगच्या रिकाम्या गोदामात पोत्यांत रद्दी रुई भरून त्यांनी गाद्या केल्या आणि आखाड्यातल्या आम्हा काही पोरांना शिकवायला सुरुवात केली. पुण्याला तेच मला घेऊन गेले होते. ते काही कामासाठी तिथं थांबले आणि मी एकटा परत निघालो. इकडे पेपरात विदर्भाचा एक मुलगा जिंकल्याची बातमी आली होती. त्याचं आणि माझं आडनाव एकच. बाकी कुणी काही पाहिलंच नाही.

मी वडिलांच्या कानाशी गेलो. "बाबा, मी हारलो."

"काय म्हनतं?" ताशात त्यांना ऐकू गेलं नाही.

"हारलो, बाबा. पयल्याच कुस्तीत."

या वेळी ऐकू गेलं. चेहऱ्यावरून कळलं. "पेपरात आलं ना बे?"

"तो दुसरा हाये. आडनाव सारखं हाये."

त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांचे साहेब हसत होते, आखाड्यातली पोरं नाचत होती. वडील हळूच म्हणाले, "आता काई बोलू नको. घरी चाल. मंग मी सांगतो साहेबाले."

पण मिरवणूक घरी गेली नाही, चौकात गेली. तिथं टेबल मांडलेलं होतं, माईक होता. साहेबांनी भाषण केलं. खामगावच्या कापसासारखं खामगावचं पोरगं आता मुलुखभर जाईल, असं काहीतरी म्हणाले, आणि माईक माझ्या हातात दिला.

मला खोटं निभावता येईना. मी म्हणालो, "मी जिंकलो नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे उभे असलेले एक म्हातारे बाजूच्याला म्हणाले, "पाहा, पोरगं कसं नम्र हाये!"

मी पुन्हा, जरा जोरात म्हणालो, "पेपरातला तो मी नाही. मी हारलो."

ताशावाला काठी हातात धरून नुसता उभा राहिला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मंग त्याचा हार वापस घ्या बे! अन् हारीले हार म्हना!" आणि हशा पिकला. असा हशा की साहेबही तोंडावर रुमाल धरून हसले.

वडील पुढे आले. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यातला हार काढला, गोळा करून काखेत धरला आणि चालायला लागले. मी त्यांच्या मागे. घरी आईनं पुरणपोळी केली होती. आम्ही जेवलो.

हरल्याची लाज मला पुण्यातच वाटून संपली होती. ही लाज वेगळी होती. मी खरं बोललो होतो, त्यात मला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं; पण माझ्या खरं बोलण्यानं भर चौकात खाली पडले ते माझे वडील. त्यानंतर ते ऑफिसला तेलाच्या घाण्यामागच्या बोळातून जाऊ लागले. रस्ता लांबचा, चिखलाचा, पण त्या बोळात कुणी भेटत नसे. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही नाही. एका घरात राहून, एका ताटलीतले दाणे खाऊन, आम्ही तो विषय वर्षानुवर्षं ओलांडत राहिलो.

गावानं मला 'हारवाला' म्हणायला सुरुवात केली. मी गोदामात जाणं सोडलं. पुण्याहून आल्यावर सर घरी आले.

"काऊन येत नाही?"

"लाज वाटते, सर."

"मले काय वाटत नसंल? तुले म्या नेलं होतं." एवढं बोलून ते गेले. दुसऱ्या दिवशी मी गोदामात गेलो.

पुढे काही वर्षं मी खेळलो. फार मोठा खेळाडू कधी झालो नाही. एकदा राज्यात तिसरा आलो. तेव्हा दुपारच्या एस.टी.नं आलो आणि मागच्या दारानं घरात शिरलो. वडिलांना सरांकडूनच कळलं. "बरं झालं," म्हणाले, आणि पेपर वाचत बसले.

सरांची बदली झाली आणि गोदामातला वर्ग माझ्या गळ्यात पडला. दुसरं कुणी नव्हतंच. तोवर मी शाळेत मास्तर झालो होतो. मी पोरांना महिनोन् महिने फक्त पडायला शिकवायचो: हनुवटी छातीशी, हात जमिनीवर सपाट आपटायचा, डोकं वाचवायचं. कंटाळून काही पोरं निघून जात. शिकवण्यात मी बरा होतो. पण माझी एक खोड होती. स्पर्धेहून परतताना पोरांच्या घरच्यांनी घ्यायला यायचं नाही, अशी मी सक्त ताकीद देत असे. एकदा एका पोराची आई म्हणाली, "काऊन सर? लेकरू इतक्या लांबून येते, त्याले घ्याले याव नाही का?" मी शिस्त वगैरे काहीतरी बोललो. त्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला तिच्यापुढे उभं राहवेना.

ज्युडोवर एक पुस्तक लिहिलं तेही याच पोरांसाठी. सरांनी मागे ठेवलेलं एकमेव पुस्तक इंग्रजी होतं, पोरांना कळत नव्हतं. मी डावांना आखाड्यातले शब्द लावले, चित्रकलेच्या मास्तरांनी आकृत्या काढल्या, आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यानं ते छापायला घेतलं. कच्ची पानं वडिलांनी तपासली. ते निवृत्त झाले होते. ओसरीत बसून लाल पेन्सिलीनं माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचे, आणि मी तिथून जाताना मान खाली घालायचो.

शेवटचं पान झाल्यावर त्यांनी विचारलं, "यात पडाव कसं, ते लिवलं. हारल्यावर काय कराव, ते नाही लिवलं?"

"नाही, बाबा."

"काऊन?"

"मले येत नाही."

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि पानं मला परत दिली.

पुस्तक निघालं. त्याच हिवाळ्यात मी पोरांना घेऊन नागपूरला गेलो आणि सगळीच्या सगळी हरून आली. एस.टी. खामगावला पोचली तेव्हा स्टँडवर वडील उभे होते. मी कुणाला काही कळवलं नव्हतं. त्यांनी शाळेत विचारून गाडीची वेळ काढली असणार.

त्यांनी पोरांना बाकावर बसवलं, सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि एकेकाला विचारू लागले, "तू कसा पडला रे? सांग बरं." मग एकानं सांगितलं, त्याचा पाय कसा काढला ते. दुसरा उठून उभाच राहिला आणि करून दाखवू लागला. वडील मधेच विचारत, "मंग? तुनं हात कुठी धरला होता?" पोरं हसायला लागली, एकमेकांच्या चुका सांगायला लागली. मी पिशव्यांजवळ उभा होतो. माझ्या वडिलांना हे असं विचारता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि इतकी वर्षं शिकवून मी एकाही पोराला हे विचारलं नव्हतं.

सगळ्या पोरांचं झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "अन् पुन्याले तुह्यं कसं झालतं?"

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं. शिंप्यानं माझा ज्युडोचा कोट पातळ मांजरपाटाचा शिवला होता, तो पहिल्याच पकडीत खांद्यापासून फाटला. दुसऱ्या संघाच्या मास्तरांनी आपला कोट दिला, तो इतका मोठा की माझी बोटंही दिसेनात. तेव्हा समोरच्या पोरानंच माझ्या बाह्या नीट दुमडून दिल्या. मी त्याला मान लववून धन्यवाद म्हटलं, पंचांनी खूण केली, आणि मान वर करेपर्यंत त्यानं मला पाठीवर पाडलं.

पोरं खदखदून हसली. वडील हसले नाहीत.

"एवढंच?" ते म्हणाले.

"हाव. एवढंच."