उपटून लावलेली दाढ

माझ्या चंद्रकला मावशीच्या तोंडाला अख्खं धसई गाव टरकून असतं. बाजारात तिच्या काकडीला कुणी कडू म्हणालं, की ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. पण ह्याच बाईने दाढ दुखते म्हटलं, की गावाचं एकच उत्तर : काढून टाक. तिच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा अशाच गेल्या. ह्या दोन शब्दांची मला भयंकर चीड आहे.

विठूकाकाची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, दाढ ठणकली तेव्हा मात्र थेट कल्याण गाठलं. रूट कॅनल झालं, वर कॅप बसली. आल्यागेल्याला जबडा उघडून दाखवायचा. घरात तव्यावरची गरम भाकरी पहिली त्याच्या ताटात. मावशी सगळ्यांच्या मागून जेवणार; उरलेली, गार, वातड भाकरी तिची. म्हणजे कडक ते चावायचं बाईने आणि दात राखायचे बाप्याने. वा रे न्याय!

मावशीची उजवीकडे खाली एकच दाढ उरली होती. तिचं रूट कॅनल तिने भांडून मुरबाडला करून घेतलं होतं. पुढे तिथेच हिरडीत पू धरला. काकाला तर आनंदच झाला.

"बघ, सांगितला व्हता ना? काढून टाक गो आता."

"नि ह्या अंगानं चावू कशानं? तुमच्या कॅपनं?" मावशी कडाडली आणि मला घेऊन पुन्हा मुरबाडच्या एसटीत बसली. काकाही पाठोपाठ चढला, दाढ काढतात की नाही ते बघायला.

दवाखान्यात दर्शना नावाची नवी डॉक्टरीण होती. एक्स-रे बघून ती म्हणाली, "मावशी, पू मुळांच्या टोकाशी आहे. पुढचा दात असता तर हिरडी उघडून टोक कापलं असतं. इथे मागे हाड जाड आहे, जवळून नस जाते. त्यापेक्षा दाढ अलगद बाहेर काढू, मायक्रोस्कोपखाली मुळांची टोकं कापून खालून बंद करू आणि लगेच तिच्याच जागी परत बसवू. काढताना तुटली, तर मात्र गेली."

मला हे अघोरीच वाटलं. मावशीला नाही.

"म्हंजे भाताची आवणीच की गो बाय! रोप उपटायचा नि लगेच लावायचा. मुळी सुकू द्यायची नाय."

"अगदी तसंच," डॉक्टरीण म्हणाली. "सुकली, तर संपलं."

दाढ न तुटता निघाली. डॉक्टरीण ती ओली ठेवत, मायक्रोस्कोपला डोळे लावून काम करू लागली. तेवढ्यात काकाने दारातून मुंडी आत घातली.

"निघाली ना? मंग झाला! आता परत कशाला बसवताव? फेका ती!"

असा संताप आला मला! बायको तिथे रक्ताळलेलं तोंड उघडून पडलेली आणि ह्याला फेकायची घाई! मावशीच्या तोंडात कापूस, तिला बोलता येईना. तिने हात उचलला. बोट आधी दाढेकडे, मग स्वतःच्या तोंडाकडे, मग काकाकडून सरळ दाराकडे. काका गेला. दाढ जागेवर बसली आणि डॉक्टरिणीने ती टाक्यांनी बांधली.

पुढे मावशी पेजेवर आणि मऊ भातावर राहिली. बोलायचंही बेताने होतं. काकाला वाटलं, निवली. डोंबलाची निवली! तिने सगळं राखून ठेवलं होतं.

भातकापणी उरकल्यावर नवा एक्स-रे निघाला. मुळांभोवती हाड भरत होतं. "आता ह्या बाजूने बिनधास्त चावा," डॉक्टरीण म्हणाली. त्या संध्याकाळी मावशी चुलीपुढे भाकऱ्या भाजत होती. मी तिथेच होते.

काका पाटावर बसत म्हणाला, "दाढ घट झाली ना? मंग सकालची भाकर तू घे. मला गरम दे."

मावशीने तव्यावरची भाकरी उचलली आणि स्वतःच्या ताटात घेतली. सकाळची त्याच्या ताटात आपटली.

"दाढ मी जेवाया वाचवली, तुमचा उरलासुरला संपवाया नाय. तुमची तर कल्याणची हाय ना? चावा."

मग ती त्याच्यासमोरच बसली आणि उजव्या बाजूने चावत पोटभर जेवली. काकाला त्या दिवशी जेवायला फार वेळ लागला.